‘व्यवधान’ खोडून ‘अवधान’

बी.एड.च्या वर्षात आम्ही एकमेकांना जितकी खोटी प्रशस्तिपत्रं लिहून दिली, तितकी मी नंतर आयुष्यात कुणाला दिली नाहीत. तो अभ्यासक्रमाचाच भाग होता. कुणी वर्गावर पाठ घ्यायला उभं राहिलं की मागच्या बाकावर तिची जोडीदार निरीक्षण वही घेऊन बसायची आणि लिहायची, ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक.’ हातातला खडू तीनदा पडो, मुलं खिडकीबाहेर बघत जांभया देवोत, वहीत सहभाग समाधानकारकच. आज मी तुझं लिहिते, उद्या तू माझं लिही. अहो रूपम् अहो ध्वनिः.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेज कल्याणला होतं आणि मी ठाण्याहून, नौपाड्यातून जायचे. मराठी अध्यापन शिकवणाऱ्या मॅडमना या गोडगोड वह्या वाचून वीट आला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी जाहीर केलं की आता प्रत्येकीने एक निबंध लिहायचा, तो जोडीदाराने तपासायचा आणि निदान एकदा तरी खरा अभिप्राय द्यायचा. नियम त्यांनी फळ्यावर लिहून दिला: दोन गुण, एक उणीव, एक प्रश्न. शाई हिरवी वापरायची. लाल शाईचा अधिकार शिक्षकाचा आणि तुम्ही अजून शिक्षक झालेल्या नाहीत, हे त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्याच.

निबंधाचा विषय होता ‘इंटरनेट आणि विद्यार्थ्यांचे अवधान’. तो त्यांनी कुठल्याशा शैक्षणिक मासिकातून उचलला होता. इंटरनेट त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं, तसं त्यांनी मोकळेपणी सांगितलंही. आमच्या वर्गात ते पाहिलेल्या चौघी-पाचजणी असतील. नौपाड्यात आमच्या घरापासून जवळच एक सायबर कॅफे निघाला होता, काळ्या काचांचा, आणि आत काय चालतं याबद्दल आमच्या सोसायटीत तर्क चालायचे. म्हणजे सगळा उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. निबंधही तसेच आले. आजचे युग हे संगणकाचे युग आहे, इंटरनेट हा माहितीचा महासागर आहे, आणि शेवटी शाप की वरदान हे आपल्याच हातात आहे. माझाही तसाच होता. फक्त माझ्यात व्याकरणाची चूक नव्हती.

त्या वर्षी माझी आई गेली होती. गणपतीनंतर पंधरा दिवसांनी. आजारी होती, फार महिने नाही. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी कॉलेजला गेले, कारण घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं. मला काही वाटत नव्हतं. लोक भेटायला यायचे, माझ्याकडे बघून रडायचे, आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे. एक मावशी म्हणाली, रडून घे गं एकदा, मोकळी हो. मी म्हटलं, बरं. जणू तिने बाजारातून काही आणायला सांगितलं होतं. आतून सगळं बोथट झालं होतं आणि त्याचंही वाईट वाटत नव्हतं.

घरात मी आणि बाबा. रोज सकाळी दूध उतू जायचं. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही, खरोखर रोज. बाबा ओट्याशी उभे असायचे, मी दोन हात अंतरावर पोळ्या लाटत असायचे, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत दूध वर येऊन शेगडीवर सांडायचं. मग बाबा गॅस बंद करायचे आणि मी फडकं घ्यायचे. आई असताना दूध उतू गेलेलं मला आठवत नाही. ती तर बरेचदा स्वयंपाकघरात नसायचीच. गॅलरीत कपडे वाळत घालत असायची नाहीतर शेजारणीशी बोलत असायची. बोलता बोलता ‘आले हं’ म्हणायची आणि नेमक्या क्षणी येऊन गॅस बारीक करायची. आम्ही दोघं याबद्दल कधी काही बोललो नाही. बाबांनी मोठं पातेलं काढलं, तरी सांडायचंच.

माझी जोडीदार कोपरच्या पुढे, खाडीलगतच्या गावात राहायची. कोळ्यांच्या घरातली. तिची आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. घरात बी.ए. झालेली ही पहिली, आणि बी.एड.ला आलेली तर आख्ख्या आळीतली पहिली. आमची जोडी मॅडमनी हजेरीपटावरून लावली होती, आवडीनिवडीने नाही. ती बोलकी होती. पहिल्याच आठवड्यात तिने मला सगळं सांगून टाकलं होतं. आईचे गुडघे गेलेत, उकिडवं बसलं की उठवत नाही, हिला नोकरी लागली की त्या दिवशी आई टोपली खाली ठेवणार. ‘पहिल्या दिवशीच हां,’ ती म्हणाली, ‘पगार व्हायची पण वाट बघणार नाय. बोललीय ती मला.’

आणि नोकरीची संधी खरंच आली होती. नौपाड्यातल्या एका शाळेतल्या मराठीच्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या मॅडमच्या ओळखीच्या. जानेवारीत त्या कॉलेजवर येऊन निवडक चार निबंध ऐकणार होत्या आणि त्यांतून एकीला बोलावणार होत्या. अर्ज, मुलाखत सगळं रीतसर व्हायचं होतं, पण ते नंतर, नावापुरतं. कच्चा निबंध, जोडीदाराच्या अभिप्रायाची चिठ्ठी आणि पक्की प्रत असं सगळं एकत्र टाचून मॅडमकडे द्यायचं होतं. मला त्या नोकरीचं काही पडलेलं नव्हतं. बाबांची नोकरी होती, ठाण्यात शाळाही काही कमी नव्हत्या. माझ्या जोडीदाराला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. तिने निबंध तीनदा लिहिला आणि चौथ्यांदा लिहिलेला माझ्या हातात दिला.

मी तो घरी, जेवणाच्या टेबलावर, हिरवं पेन घेऊन वाचायला घेतला.

तो बाकीच्यांसारखा नव्हता. हे तेव्हाही मला दिसलं, पण दिसलं एवढंच. तिने इंटरनेट खरंच पाहिलं होतं. तिचा भाऊ मस्कतला होता आणि त्याने कळवलं होतं की अमुक दिवशी फोटो पाठवतो, जाऊन बघा. मग ती आईला घेऊन डोंबिवली पूर्वेच्या एका कॅफेत गेली, बाजार उरकल्यावर. टोपलीत विकून उरलेले चार बोय होते. बोय म्हणजे खाडीतला मासा. टोपली आत नेऊ दिली नाही म्हणून दाराबाहेर, चपलांपाशी ठेवली. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होता. आधी नुसतं आकाश आलं, मग इमारतीचं टोक, मग केस, मग कपाळ. आई खुर्चीची पाठ धरून उभी होती. डोळे यायला फार वेळ लागला. पूर्ण तोंड दिसलं तेव्हा दोघी बाहेर आल्या, तर टोपलीत दोनच बोय. दोन मांजराने नेले होते. तीस वर्षं मासळी विकणाऱ्या तिच्या आईने तोवर मांजराला एक मासा नेऊ दिला नव्हता.

पुढे तिने लिहिलं होतं: ‘लक्ष आणि व्यवधान या दोन गोष्टी आहेत. माझी आई अंगणात सुकत घातलेल्या बारीक जवळा मासळीकडे पाठ करून भाकऱ्या थापते, तरी कावळा बसला की तिला कळते. तिचे लक्ष भाकरीवर असते आणि व्यवधान जवळ्यावर. सिनेमा बघताना तिचे लक्ष सिनेमात गेले तरी व्यवधान घरी राहते. इंटरनेटसमोर मात्र ते राहिले नाही. विद्यार्थ्यांचे लक्ष कमी होईल असे सगळे म्हणतात. मला वाटते लक्ष राहील. व्यवधान जाईल.’

आज हे उतरवून काढताना माझा हात थांबतो. त्या दिवशी थांबला नाही. मी ‘व्यवधान’ शब्दाला गोल केला. व्यवधान म्हणजे अडथळा, मध्ये येणारी गोष्ट, हे मला शाळेपासून पाठ होतं. कामात व्यवधान आलं, म्हणजे व्यत्यय आला. हिला म्हणायचं असणार अवधान. विषयातही तोच शब्द होता. मी व्यवधान खोडलं आणि वर अवधान लिहिलं. पुढच्या ओळीत पुन्हा. नऊ ठिकाणी होता तो शब्द. नऊ वेळा खोडला, नऊ वेळा लिहिला, पट्टीने रेघ मारून, सुबक. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मला तेव्हा भिंगही लागत नव्हतं.

मग चिठ्ठी लिहिली. ‘गुण: हस्ताक्षर सुवाच्य. परिच्छेदांची विभागणी योग्य. उणीव: शब्दयोजना सदोष. व्यवधान म्हणजे अडथळा. सर्वत्र अवधान हवे. प्रश्न: लेखिकेने शब्दकोश पाहिला आहे का?’

मांजराबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. तिच्या आईबद्दल नाही. कपाळानंतर डोळे येईपर्यंत दोघींनी काय केलं असेल, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मी वाचलं होतं सगळं. ते माझ्यावरून वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॅंटीनमध्ये आम्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तिने माझ्या निबंधावर लिहिलं होतं, ‘गुण: एकही चूक नाही. भाषा छापलेल्या पुस्तकासारखी. उणीव: हे कोण लिहितंय ते कळत नाही. प्रश्न: तू नीट जेवतेस का?’

मी म्हटलं, ‘हा प्रश्न निबंधाबद्दल नाहीये.’

‘मला तोच पडला,’ ती म्हणाली. ‘मॅडम बोलल्या ना, खरा लिहा.’

मी ती चिठ्ठी टाचली नाही. मॅडमसाठी तिच्याकडून दुसरी लिहून घेतली, शहाण्यासारखी, आणि पहिली पर्समध्ये ठेवली. तिने तोवर माझी चिठ्ठी वाचली होती आणि निबंध चाळत होती. हिरव्या रेघा बघून तिचा चेहरा पडला. रागावली नाही. माझ्यावर रागवायचं तिच्या मनातही आलं नसेल. मी नौपाड्यातली, माझे वडील संस्कृतचे श्लोक म्हणणारे, मराठी चुकणार ती तिचीच चुकणार, असं आम्ही दोघीही न बोलता धरून चाललो होतो.

‘आमच्यात येवधान बोलतात,’ ती म्हणाली. ‘आय जवळा घालते ना, मग सांगते, येवधान ठेव गो. म्हणजे तिथं बसायचं नाय. आपलं काम करायचं, पण येवधान ठेवायचं. मी म्हटलं, असं कसं लिहायचं निबंधात, म्हणून शुद्ध केलं. व्यवधान.’

‘शुद्ध करताना चुकलीस. अवधान असणार ते. येवधान, अवधान.’

‘हो ना?’

‘हो.’

‘पण अवधान म्हणजे लक्षच ना गं?’

‘साधारण.’

तिने निबंधातला तो परिच्छेद पुन्हा काढला. मग म्हणाली, ‘मग ते दोन वेगळे आहेत असं लिहिलंय मी, ते?’

याला मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं. मी म्हटलं, ‘चालेल. वाचणाऱ्याला कळेल.’ चहा संपला होता आणि मला उठायचं होतं. त्याहून मोठं कारण नव्हतं. तिने त्या आठवड्यात पाचव्यांदा निबंध लिहून काढला, नऊ ठिकाणी अवधान घालून, आणि मॅडमकडे दिला. मांजर, फोटो आणि आईच्या भाकऱ्यांमुळे मॅडमना तो आवडला. तो पहिल्या चारांत आला. माझाही आला, एकही चूक नव्हती म्हणून.

वाचन होतं सोमवारी. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी ग्रंथालयात गेले होते. कशाला गेले ते सांगते. त्या दिवशी सकाळी पुन्हा दूध उतू गेलं होतं आणि बाबा फडकं शोधत स्वतःशीच म्हणाले, ‘तिला सगळ्याचं व्यवधान असायचं.’

बाबा पुण्याकडचे. त्यांचं मराठी चुकायचं नाही. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी आईच्या आठवणीने थांबले. त्यांनी फडकं तसंच ओलं माझ्या हातात दिलं आणि ते आंघोळीला गेले.

ग्रंथालयातला मोठा शब्दकोश काचेच्या कपाटात होता. तो बाहेर काढायला सही करावी लागायची. मी सही केली आणि उभ्यानेच पान काढलं. व्यवधान. पहिला अर्थ अडथळा, आडकाठी. त्याखाली दुसरा अर्थ होता. काळजीने ठेवलेलं लक्ष, अनुसंधान. दोन्ही अर्थ एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. तिची आई बरोबर होती, ती बरोबर होती, तिने शुद्ध केलेला शब्दही बरोबर होता. चुकीचं होतं ते हिरव्या शाईतलं.

मला तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की फार काही वाटलं नाही. सांगायला हवं, हे कळलं. तिला सांगितलं असतं तर तिने रविवारी बसून सहाव्यांदा लिहून काढलं असतं. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी ग्रंथालयात येऊन स्वतः बघितलं असतं आणि बहुधा खूश झाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ती वर्गात माझ्या शेजारीच बसली होती. मी सांगितलं नाही. मला वाटलं, दुपारी सांगू. दुपारी वाटलं, उद्या सांगू. शनिवारी अर्धा दिवस होता. आईच्या दुखण्यातही माझं असंच झालं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक तपासणी मी उद्या उद्या करत आठवडाभर लांबवली होती. त्याने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी ते कुणाजवळ बोलले नव्हते.

आणि थोडा अहंकारही होता. तो बोथट झाला नव्हता. सगळं गेलं तरी आपलं मराठी बरोबर असतं, एवढं एक माझ्याजवळ शिल्लक होतं.

सोमवारी हॉलमध्ये सतरंजी घालून टेबल मांडलं होतं. मुख्याध्यापिका साठीच्या जवळच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा साखळीला. त्यांच्यासमोर चारही निबंधांचे गठ्ठे होते आणि त्या टाचलेल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचत होत्या. माझा नंबर दुसरा होता. आजचे युग हे संगणकाचे युग आहे. त्या मान हलवत होत्या, बस आली का बघावं तशी दाराकडे एकदा त्यांनी नजरही टाकली.

माझी जोडीदार तिसरी उठली. साडी नेसून आली होती, बहुतेक कुणाची तरी मागून आणलेली, कारण ती सारखी पदर सावरत होती. फोटो पट्टीपट्टीने उतरतो तिथे हॉल शांत झाला. मांजरापाशी सगळे हसले, मुख्याध्यापिकाही हसल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या नुसत्या ऐकू लागल्या. मला वाटलं, मिळाली हिला.

मग ती भाकऱ्यांच्या परिच्छेदाशी आली. कागदावर अवधान लिहिलेलं होतं. पण ते वाक्य तिने आयुष्यभर ऐकलेलं होतं आणि त्या क्षणी ती वाचत नव्हती, सांगत होती. ‘तिचं लक्ष भाकरीवर असतं आणि येव...’ ती थांबली. ‘व्यव...’ पुन्हा थांबली. मग तिने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं, तिसऱ्या रांगेत, आणि म्हणाली, ‘सॉरी. अवधान.’

ती माझ्याकडे तक्रारीने बघत नव्हती. बरोबर ना, असं विचारत होती. मी मान हलवली. हो.

ती शेवटापर्यंत वाचत गेली, पण आता कागदावरून, बोट ठेवून. वाचून झाल्यावर मुख्याध्यापिकांनी चष्मा लावला. ‘छान प्रसंग सांगितलात,’ त्या म्हणाल्या. ‘मला एक समजावून सांगा. लक्ष वेगळं आणि अवधान वेगळं, असं तुम्ही म्हणता. सगळा निबंध त्यावर उभा आहे. यांत फरक काय?’

हॉलमध्ये तो फरक सांगू शकणाऱ्या दोघीच होत्या. तिच्याकडून शब्द काढून घेतलेला होता, आणि मी खाली बसले होते. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मॅडम, तिचा शब्द व्यवधान होता, तो मी चुकीचा खोडला. माझे हात मांडीवर होते. ते माझेच आहेत का, असं बघत मी बसले.

‘आमच्याकडे घरी...’ ती म्हणाली आणि थांबली. पदर सावरला. ‘फरक तसा नाही, मॅडम.’

‘मग कल्पनेचा गोंधळ झालाय थोडा,’ मुख्याध्यापिका म्हणाल्या. चांगल्या सुरात म्हणाल्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि चौथीला उठायला सांगितलं.

संध्याकाळी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मुख्याध्यापिका चहा घेत होत्या. त्यांच्या हातात माझ्या जोडीदाराचा कच्चा निबंध होता, हिरव्या रेघांचा, आणि माझी चिठ्ठी. ‘लेखिकेने शब्दकोश पाहिला आहे का,’ त्यांनी मोठ्याने वाचलं आणि खूश होऊन मॅडमकडे बघितलं. ‘बघा, हल्ली हे कोण विचारतं? मला वर्गावर अशी मुलगी हवी.’ मग मला म्हणाल्या, ‘तुमचा निबंध ठीक होता. पण तपासणी उत्तम. नऊच्या नऊ जागा पकडल्यात तुम्ही. एकही सुटली नाही.’

मी उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. मॅडम म्हणाल्या, ‘अगं, हो म्हण.’ मी हो म्हटलं. नोकरी घरापासून चालत पाच मिनिटांवर होती.

मी त्या शाळेत पुढे खूप वर्षं शिकवलं. आज हे लिहिताना मला लाज वाटते. बऱ्याच गोष्टींची वाटते, पण सर्वांत जास्त त्या मान हलवण्याची. तेव्हा मात्र घरी येऊन मी बाबांना बातमी सांगितली, ते म्हणाले, चांगलं झालं, तिला आवडलं असतं, आणि आम्ही दोघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी जोडीदार भेटली ती कॉलेजच्या पायऱ्यांवर. तिला कळलं होतं. तिने पेढे मागितले आणि मी आणले नव्हते, तर तिनेच डब्यातली तळलेली करंदी माझ्यापुढे केली. तिचे डोळे सुजलेले होते. आईला सांगितलं का, असं मी विचारलं.

‘सांगितलं. ती बोलली, असू दे, गुडघे काय आजचे दुखतात?’ मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. ‘पण बरं झालं गं, तू आधी बघितलंस ते. नायतर एवढ्या मोठ्या बाईसमोर मी नऊ वेळा येवधान येवधान करत बसले असते. विचार कर. काय हसली असती ती!’

आणि ती स्वतःच हसायला लागली, खळखळून, माझ्या खांद्यावर पडून. त्या हसण्यात कुठे लपवलेलं काही नव्हतं. मला शब्दकोशाचं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मलाही हसू आलं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले, ती तिथे.